पिराप्पा लाईनमन आणि निलक्काची लाईन

औरादमध्ये पिराप्पा लाईनमनला ओळखत नाही असा माणूस सापडला, तर तो कालच्या बसनं उतरलेला समजावा. सदतीस वर्षं हा बाबा गावातल्या टेलिफोनच्या खांबांवर चढला-उतरला. धनगराच्या घरातला, बाप मेंढरं घेऊन मांजरा नदीच्या काठानं हिंडायचा. पिराप्पा बाविसाव्या वर्षी खांबासाठी खड्डे खणायला रोजानं लागला आणि मेंढरांऐवजी तारेमागं चालू लागला, एवढाच काय तो फरक. त्याची बायको म्हाळसा म्हणायची, "ह्यांना रानात सोडलं तरी वर बघतच चालतेत. कवा तर हिरीत पडतेत बघा."

नव्वदच्या पुढची आठ-दहा वर्षं म्हणजे पिराप्पाचं राज्य. फोनसाठी लोक नाव नोंदवून वर्ष-वर्ष वाट बघायचे, आणि ज्याच्या भिंतीला पिराप्पाची शिडी लागली त्याच्या दारात गल्ली जमायची. लग्नाची पहिली पत्रिका देवाला, दुसरी पिराप्पाला. मग मोबाईल आले आणि बघता बघता सगळं उलटं झालं. आता लोक बोलवायचे ते 'आमचा फोन काढून न्या' म्हणून. आपल्याच हातानं ओढलेली तार आपणच गुंडाळायची, हे पिराप्पाला फार लागायचं. तसल्या दिवशी तो जेवताना बोलायचा नाही. म्हाळसाही विचारायची नाही, गुपचूप भाकरी वाढायची.

तेवढ्यात त्याच तांब्याच्या तारेतनं नेट यायला लागलं. खात्यानं पिराप्पाला बिदरला दोन दिवस शिकायला पाठवलं. तिथं सगळी विशी-पंचविशीची मंडळी, शिकवणारा इंग्रजीत बोलणारा, आणि शेवटच्या बाकावर हा अठ्ठावन्न वर्षांचा विद्यार्थी. त्यानं आपल्यापुरतं एवढंच डोक्यात बसवून घेतलं की राउटरवर चार दिवे असतात. एक विजेचा, एक लाईनचा, एक कंप्युटरकडं जाणाऱ्या वायरचा आणि एक हवेतनं, बिनतारी जाणाऱ्या नेटचा. काय दुखतंय ते दिवा सांगतो. "मेंढरू बी बोलत न्हाई, पर बघितलं की कळतंय," असं तो नव्या लोकांना ऐकवायचा. ते हसायचे. हसेनात का! त्यांच्यातल्या कुणाला खांबावर चढता येत होतं?

दोन हजार अकरा साल. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. बी-बियाणांचे व्यापारी बसवंतप्पा यांच्या घरचं नेट हळू चालतंय अशी तक्रार आली. बसवंतप्पा म्हणजे खरोखरीच शरण माणूस, पक्का लिंगायत भक्त. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि दारात आलेल्याला 'नाही' म्हणायचं नाही हे घराण्याचं व्रत. त्यांच्या ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचा रांजण बाराही महिने भरलेला असे. त्याला ते दासोह म्हणायचे. आपल्याजवळ आहे ते वाटून द्यावं आणि दिलं हे विसरून जावं.

शुक्रवारी पिराप्पा आला तो आधी समोरच्या खांबावर चढला. वरचा जोड हिरवा पडलेला. त्यानं तो कापला, तार चकाकेपर्यंत घासली आणि नवा जोड मारला. मग घरात आला. घरी बसवंतप्पांची बायको निलम्मा तेवढी होती. गाव तिला निलक्का म्हणे. ती दाराकडं पाठ करून तूर निवडत बसलेली, आणि घरातला फोन तिच्यापासून हातभर अंतरावर. पिराप्पानं आपल्या मोबाईलवरून ऑफिसातल्या माणसाला घंटी द्यायला सांगितलं. घंटी वाजली. निलक्का जागची हलली नाही.

"अक्का, फोन घ्या की वो!"

कुणाला सांगतोस! बाई आपली तूर निवडतेय. पिराप्पाचं डोकं फिरलं. गल्लीत बोललं जायचं ते त्याच्याही कानावर होतं, की लेक परदेशी गेल्यापासून निलक्काला शिंगं फुटलीत. बायकांत बसत नाही, हाक मारली तर बघत नाही. तो तरातरा पुढं गेला, आणि त्याची सावली सुपावर पडली तशी निलक्का केवढ्यानं तरी दचकली. सूप कलंडलं, तूर घरभर झाली. फोन अजून वाजत होता. तिनं फोनकडं बघितलं नाही, पिराप्पाच्या तोंडाकडं बघितलं; अगदी ओठांकडं, टक लावून. पिराप्पा मटकन खाली बसला आणि तूर गोळा करू लागला. राग कुठल्या कुठं गेला होता.

दुकानातून आलेल्या बसवंतप्पांनी त्याला ओट्यावर नेलं.

"कळलं न्हवं तुला?" ते म्हणाले. "चार वर्सं झाली. ताप आला अन् दोनी कान घेऊन गेला. हैदराबादला दाखिवलं, सोलापूरला दाखिवलं. मशीन लावून बी कायी उपेग न्हाई म्हणले."

"मंग सांगत कामून न्हाई कुणाला? लोकं काय काय बोलायलेत अक्काला!"

"आण घातलीया मला. बसवमंडपात शरणांची वचनं गायची ती. तिचा आवाज ऐकाया बाया लांबनं यायच्या. आता भैरी म्हून कीव करतील, ते न्हाई सोसायचं म्हणती. गर्विष्ठ म्हणूद्या, चालतंय म्हणती."

 पण हे एवढ्यावर थांबत नव्हतं. त्यांची एकुलती लेक सुधारानी लग्न होऊन सिंगापूरला गेलेली. नवरा तिथं कारखान्यात इंजिनिअर. निलक्का शाळेत गेलेली नाही, म्हणजे पत्र नाही, लिहिलेला निरोप नाही. फोन तर कामाचाच नाही. राहिलं एकच, दर ऐतवारी चार वाजता कंप्युटरवर लेकीचं तोंड बघायचं आणि तिच्या ओठांवरून बोलणं ओळखायचं. त्यात ती इतकी तरबेज झाली होती की आईला नुसतं 'थोडं कमी ऐकू येतं' एवढंच सुधारानीला माहीत होतं. लेकीच्या जीवाला घोर नको म्हणून खरं सांगितलंच नव्हतं.

"तिकडं समदं बरं चाललं व्हतं," बसवंतप्पा म्हणाले. "पर दिवाळीपासनं चित्र थांबायलंय. तोंड हलतंय, मदीच दगडावानी थांबतंय, मंग एकदम भलतीकडंच. हिला कायी कळत न्हाई. आन कळलं न्हाई की ही काय करती? हसून मान हलवती. कुणापुढं बी तसंच करती, सवय लागलीया."

"मंग?"

"मंग काय, लेक रुसली. कामून, ते देव जाणं. परवा माझ्या मोबाईलवर म्हणली, 'अप्पा, आईला माझ्याशी बोलायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या. ह्या ऐतवारी लावते, मंग न्हाई लावणार.' ही दोन दीस झाले जेवली न्हाई बघ."

आता सांगा, असलं ऐकल्यावर पिराप्पाला घरी झोप लागेल का? शनिवारी तो कुणी न बोलावता आला. टेलिफोन आणि नेट एकाच तारेतनं येतात, ते वेगळं करायला एक छोटी डबी लागते. आतल्या खोलीतला जुना फोन त्या डबीशिवायच जोडलेला होता. त्यानं तो सोडवला. लाईनचा दिवा आता मंदिरातल्या समईगत शांत जळू लागला. ऑफिसातल्या मशीनवरही लाईन चोख दिसत होती. तरी बसवंतप्पांनी कंप्युटरवर एक गाणं लावून बघितलं तर चित्र पुन्हा आपलं थांबत-थांबत. पिराप्पानं कपाळाला हात लावला. सदतीस वर्षांत हार गेला नव्हता असं नाही, पण असा बिनकारणाचा नाही.

ऐतवारी सुट्टी असून तो दोन वाजताच हजर. म्हाळसानं बजावून पाठवलं होतं, "त्या माऊलीचं काम केल्याबिगर घरला यिऊ नका." तो राउटरपुढं मांडी घालून बसला. निलक्कानं न मागता चहा आणून ठेवला आणि कोपऱ्यात बसून त्याच्याकडं बघत राहिली. बघून बघून पिराप्पाच्या ध्यानात आलं. घरातला कंप्युटर बंद आहे. बसवंतप्पांचा मोबाईल साधा, बटणांचा. मग हा हवेतल्या नेटचा चौथा दिवा का नाचायलाय? तो साधा नाचत नव्हता, जत्रेत आल्यासारखा नाचत होता.

त्यानं राउटरची पिन उपटली आणि वाट बघत बसला.

मिनिटभर झालं नसेल, समोरच्या घरातनं हाक आली, "अप्पा, गेलं का वो तुमचं?" हे अमृतप्पा, रिटायर झालेले तलाठी. दिवसभर कीर्तनं नाहीतर जुने पिक्चर बघत बसायचे. तेवढ्यात शेजारची रूपा दारात आली. तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान, गिऱ्हाइकाला नवनवे गळे कंप्युटरवर दाखवायची. "अक्का, आमचं बंद पडलं, तुमचं हाय का?" आणि पलीकडून महांतेश मास्तर तर उघडा लॅपटॉप हातावर धरूनच आले, जेवतं ताट घेऊन उठावं तसे. मागून आणखी कुणी कुणी डोकावलं. अख्खी गल्ली दाराबाहेर!

"मास्तर, तुमाला कुणी दिला हो पासवर्ड?" पिराप्पानं विचारलं.

"दिला म्हणजे? लिवलाय की तिथं."

रांजणाच्या वर, भिंतीवर, लाल रंगात, दुकानाची पाटी रंगवणाऱ्या पेंटरकडून ठळक लिहून घेतलेलं. तीन दिवस पिराप्पा त्याच रांजणाचं पाणी पीत होता. इंग्रजी अक्षरं बघून त्याला वाटलेलं, लायसनचा नंबर असेल. आता हसावं की रडावं! पाणपोईवर पेला ठेवावा तसा या भल्या माणसानं पासवर्ड टांगून ठेवला होता. दिवाळीत मास्तरांनी लॅपटॉप घेतला, मग रूपानं, मग अमृतप्पांनी. आणि लहानशा नळाला अख्खी गल्ली घागरी लावून बसली.

पिराप्पानं बसवंतप्पांना बोळात ओढलं आणि आवाज दाबून बोलला. "अप्पा, मागं एक बटण हाय. दाबलं की हवेतलं बंद. अक्काला वायरीतनं समदं मिळंल. दाबू?"

"नको."

"नको? आवं, तिकडं लेक तुटायली!"

"पिराप्पा, आजवर ह्या दारातनं कुणाला न्हाई म्हणलं न्हाई. पाणपोईला कुलूप घालू? बरं, इच्यारलं तर सांगू काय? खरं सांगावं तर आण हाय, खोटं बोलावं तर..." बसवंतप्पांनी दाराकडं हात केला. "मास्तरची परीक्षा हाय. रूपाचं पोट हाय त्याच्यावर."

पिराप्पा एरवी त्यांच्यापुढं मान वर करून बोलला नसता. आज त्याचा तोल गेला. "दासोह आपल्या ताटातला करावा, अप्पा! तुमी अक्काच्या ताटातला उचलून वाटायलाव. तिला येकदा तर इच्यारलंव का?"

बसवंतप्पा काही म्हणायला वळले. आणि दोघांच्याही ध्यानात आलं की बोळाच्या तोंडाशी निलक्का उभी आहे. वेडे! आवाज दाबून तिच्यापासून काय लपणार होतं? तिला आवाज कधी लागत होता? दोघांचं बोलणं तिनं ओठांवरून अक्षरन् अक्षर वाचलं होतं.

 तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि चार वर्षांत पहिल्यांदा आपणहून ओट्याच्या खाली उतरली. गल्ली अजून दारातच होती. तिला आपला आवाज कळत नव्हता, म्हणून तो जरा मोठाच निघाला.

"अमृतप्पा, रूपा, मास्तर, ऐका. मला ऐकू येत न्हाई. कमी न्हाई, कायीच न्हाई. चार वर्सं झाली. तुमी हाक मारता ते मला कळत न्हाई, म्हून मी बघत न्हाई. मला गुर्मी न्हाई आली."



"माझी लेक मला कंप्युटरमदी दिसती. तिच्या व्हटावरनं मी वळखते. तुमी समदे एकदम बसलाव की तिचं तोंड थांबतंय. ह्यांना तुमाला न्हाई म्हणता येत न्हाई, आन म्हणू बी नयेत. मीच मागते. ऐतवारी चार ते पाच, येवडा एक तास मला सोडा. बाकीचा आठवडा तुमचा."

 रूपा धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. "आमी काय काय बोललाव वो तुमाला, अक्का," एवढं म्हणाली आणि मग तिला हुंदकाच आवरेना. निलक्कानं तिला दूर धरून तिच्या ओठांकडं बघितलं, कारण खांद्यावर तोंड दाबून म्हटलेलं तिला कळलं नव्हतं. रूपानं डोळे पुसून पुन्हा म्हटलं, सावकाश. अमृतप्पा आपल्या घरात गेले आणि पडद्यावर अडकलेला कीर्तनकार त्यांनी तसाच अर्ध्या वाक्यात मिटवला. महांतेश मास्तर लॅपटॉप बंद करत पुटपुटले, "येवडंच व्हतं तर आधी सांगायचं की." मग त्यांचंच त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते मान खाली घालून निघून गेले.

चार वाजता पिराप्पानं राउटर चालू केला. चौथा दिवा नुसता जळत होता, नाचत नव्हता. पिराप्पा उठून जायला निघाला तर बसवंतप्पांनी हातानं बस म्हणून खुणावलं. लाईन पुन्हा गेली तर? तो भिंतीला टेकून बसला. बसवंतप्पा नेहमी आई-लेकींना एकट्या सोडून ओट्यावर जायचे. आज त्यांचाही पाय निघेना, ते उंबऱ्यापाशीच थांबले.

सुधारानी दिसली. चेहरा स्वच्छ, पापणीसुद्धा दिसावी इतका. वाळलेली, डोळ्यांखाली काळं. तिनं तोंड उघडायच्या आत निलक्का बोलली.

"सुधा, आदुगर माझं ऐक. मला कायीच ऐकू येत न्हाई. तुझ्यापासनं लपिवलं. तुझ्या व्हटावरनं वळखत व्हते. आन इथं तीन आठवडे तुझं तोंड थांबायलं व्हतं, मला कायी कळत न्हवतं. तू कामून रुसलीस, मला म्हाईत न्हाई ग."

पलीकडं सुधारानी बघतच राहिली. पिराप्पाला क्षणभर वाटलं, चित्र थांबलं. त्यानं चटकन दिव्याकडं पाहिलं. दिवा ठीक होता. चित्र थांबलं नव्हतं, पोरगीच थांबली होती.

"कायीच न्हाई?" तिनं विचारलं.

"कायीच न्हाई."

"आई..." सुधारानीच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. "दिवाळीच्या ऐतवारी मी तुला सांगितलं. कुणालाच सांगितलं न्हवतं, आदी तुलाच सांगितलं. तिसरा महिना व्हता, आन डाक्टर म्हणले, पोटातलं बाळ ऱ्हायलं न्हाई. आन तू हसलीस. हसून मान हलवलीस, आई."

उंबऱ्यातल्या बसवंतप्पांनी चौकट धरली. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.  तीन आठवडे! परक्या मुलखात त्या लेकरानं आईचं ते हसू मनात घेऊन तीन आठवडे काढले होते. पिराप्पाला वाटलं, उठावं आणि त्या पोरीला ओरडून सांगावं, बाई, यात तुझ्या आईची काही चूक नाही. पण बोलायचं त्याचं नव्हतं.

या खेपेला निलक्काच्या नजरेतून एकही शब्द निसटला नव्हता. तिनं हात पुढं करून पडद्यावरच्या लेकीच्या गालाला लावला.

"मला दिसलं न्हाई ग, माय," ती म्हणाली. "थांबलेल्या तोंडाकडं बघून हसले मी. मला वाटलं, कायी तर चांगलंच सांगायलीस."

दोघी रडल्या. बसवंतप्पांनी तोंड फिरवलं होतं. मग निलक्कानं पदरानं डोळे कोरडे केले, चांगले पुसून पुसून कोरडे केले, कारण पाण्यातून ओठ दिसत नाहीत.

"आता परत सांग," ती म्हणाली. "समदं सांग. पयल्यापासनं."

सुधारानीनं खुर्ची खिडकीकडं फिरवली, चेहऱ्यावर उजेड पडेल अशी बसली, आणि एकेक शब्द सावकाश सांगायला लागली.